बिनव्याजी फ्रीज

नव्या घरासाठी कपाट आणि फ्रीज बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, कार्डवर घ्या, बिनव्याजी आहे." प्रोसेसिंग फी मात्र होती, आणि हप्ता चुकला की व्याजही.

हा शब्द आमच्या भागाला नवा नाही. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. तिथे कर्ज-ए-हसना देणाऱ्या संस्था चालत. घेतलं तेवढं मुद्दलच परत करायचं. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी 1955 च्या लेखात हैदराबादच्या या कामाची दखल घेतली आहे. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, असं सूरह बकरा (2:280) सांगते. कार्डाची सवड पन्नासेक दिवसांची.

कपाट रोखीने आणलं. फ्रीज राहिला. उन्हाळा तोंडावर आहे, आणि बायकोचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे.