वेस्टर्नचे साक्षीदार

१९७१च्या ‘डायरेक्टेड बाय जॉन फोर्ड’ या माहितीपटात एक प्रसंग आहे. मॉन्युमेंट व्हॅलीच्या उन्हात म्हातारा फोर्ड खुर्ची टाकून बसला आहे. तरुण पीटर बोग्दानोविच अदबीने विचारतो, ‘थ्री बॅड मेन’मधली ती प्रचंड घोडदौड तुम्ही कशी चित्रित केलीत? फोर्ड म्हणतो, ‘‘कॅमेऱ्याने.’’ बस्स.

मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसू आले. पुढे वेस्टर्नच्या इतिहासासाठी घेतलेल्या मुलाखती शोधून शोधून वाचू लागलो आणि वाटू लागले, की न बोलणारा फोर्ड परवडला. जपून ऐकायचे ते तो बोलू लागला की!

याच बोग्दानोविचला त्याने सांगितले होते, की वायट अर्प स्टुडिओत यायचा, मी त्याला खुर्ची नि कॉफी द्यायचो, आणि ओके कोरलची चकमक त्याने मला तपशीलवार सांगितली. ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) ती जशी घडली तशीच दाखवली, हा त्याचा दावा. चकमक झाली २६ ऑक्टोबर १८८१ रोजी; चित्रपटात ती १८८२मध्ये होते. म्हातारा क्लँटन चकमकीपूर्वीच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मारला गेला होता. पडद्यावर मात्र तो शेवटपर्यंत हजर. डॉक हॉलिडे चित्रपटात तिथेच कोसळतो. खरा डॉक १८८७मध्ये क्षयाने गेला. अर्प १९२९मध्येच वारलेला, तेव्हा विचारायचे कोणाला?

मग ही मुलाखत टाकून द्यायची का? मला तसे वाटत नाही. टूमस्टोनमध्ये काय घडले हे तिच्यातून कळत नाही, पण हॉलिवूडला स्वतःची वंशावळ थेट त्या बंदुकबाजांपर्यंत नेऊन भिडवायची किती हौस होती, हे तिच्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

शिवाय दुसरा आधार तरी कुठे होता? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्सच्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९मधल्या सुमारे ११ हजार अमेरिकन मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण उरले ते १४ टक्के. फोर्डचे बहुतेक मूकपटही गेले. १९१७चा ‘स्ट्रेट शूटिंग’ प्रागच्या संग्रहात सापडला म्हणून वाचला. फिल्म नष्ट झाल्यावर उरतो तो माणूस, आणि त्याचेही दिवस मोजकेच. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी ‘हॉलिवूड’ या तेरा भागांच्या मालिकेसाठी टिम मॅकॉयला बोलते केले. मालिका १९८०मध्ये प्रसारित झाली. मॅकॉय १९७८मध्येच गेला होता.

दिग्दर्शकांपेक्षा मला स्टंटवाले अधिक विश्वासाचे वाटतात. ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) याकिमा कॅनट धावत्या गाडीच्या घोड्यांवर झेप घेतो, गोळी लागून त्यांच्यामधून खाली पडतो आणि अख्खी गाडी त्याच्यावरून निघून जाते. त्याने यामागचे गणित सांगून ठेवले आहे : घोडे भरधाव हवेत, कारण वेगात ते सरळ धावतात, संथ चालीत इकडेतिकडे होतात. हात सोडताना कोपरे अंगाशी घट्ट हवीत, नाहीतर पुढचा आस ती उडवून नेईल. हे ज्ञान कुठल्याही पटकथेत लिहिलेले नसते. शरीराला येत असते आणि शरीराबरोबरच जाते.

टेलिव्हिजनच्या बाबतीत अमेरिकेत हे काम पुढे संस्थात्मक झाले. तिथल्या टेलिव्हिजन अकॅडमीच्या प्रतिष्ठानाने १९९७पासून मुलाखतींचा संग्रह उभारला; ‘मॅव्हरिक’चा जेम्स गार्नर त्यात सविस्तर बोलला आहे. तिथे नट, निर्माते, लेखक भेटतात.

फोर्डच्या चित्रपटांत कधी अपाची, कधी कोमांची, कधी शायेन म्हणून उभे राहिलेले मॉन्युमेंट व्हॅलीचे नावाहो मात्र या जुन्या मुलाखतींत जवळजवळ नाहीत. तिथे आपल्या कुतूहलाचीच मर्यादा दिसते. नील डायमंड या क्री दिग्दर्शकाच्या ‘रील इंजन’ (२००९) या माहितीपटात राऊल वॉल्शच्या ‘अ डिस्टंट ट्रम्पेट’मधला (१९६४) एक प्रसंग आहे. गोऱ्या अधिकाऱ्यापुढे नावाहो नट गंभीर चेहऱ्याने आपल्या भाषेत काही बोलतो. प्रेक्षकांना तो बाणेदार संवाद वाटला असणार. पंचेचाळीस वर्षांनी खाली भाषांतर उमटले : तू सापासारखा स्वतःच्याच घाणीत सरपटणार आहेस.