कोल्हापूरचा शिवाजी पूल : रक्षणाचा कायदा व नागरिकांची मागणी

जुन्या पुलाचा प्रश्न उपस्थित झाला की नागरिक जतनाच्या पक्षाचे व शासन सोयीच्या पक्षाचे, अशी विभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा इतिहास या समजुतीस छेद देतो. तेथे पुरातत्त्वरक्षणाच्या कायद्याने नव्या पुलाचे काम थांबविले आणि जुन्या पुलाचा भार हलका व्हावा म्हणून नागरिकांना त्याच कायद्याविरुद्ध चळवळ करावी लागली.

पंचगंगेवरील हा दगडी कमानींचा पूल १८७४ ते १८७८ या काळात बांधला गेला. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गाची वाहतूक पुढे शतकाहून अधिक काळ त्यावरून चालली. तो जीर्ण झाल्यावर, तो न पाडता, शेजारी पर्यायी पूल बांधण्याचे ठरले व बरेचसे काम पारही पडले. तथापि लगतची ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित स्थळ होय. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन करून सातवाहन व बहमनी काळांतील वसाहतींचे थर उजेडात आणले. पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवतेची प्रसिद्ध कांस्यमूर्तीही याच स्थळी सापडली. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्थळापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मज्जाव केला होता. सार्वजनिक कामासही त्यातून सूट नव्हती. परिणामी नव्या पुलाचे काम अर्धवट राहिले.

दरम्यान २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल महापुरात कोसळून एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. कोल्हापूरकरांची चिंता त्यामुळे वाढली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून एक प्रवासी मिनीबस नदीत पडली व १३ जण मृत्युमुखी पडले. सर्वपक्षीय कृती समितीच्या आंदोलनास यानंतर विशेष धार आली. सार्वजनिक कामांस सूट देणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने त्याच महिन्याच्या आरंभी संमत केले होते, परंतु राज्यसभेत ते अडले. अखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन काम पुन्हा सुरू करण्यात आले. २०१९ मध्ये नव्या पुलावरून वाहतूक सुरू झाली आणि जुना पूलही उभा राहिला.

या प्रकरणात कायद्याचा हेतू सदोष होता असे म्हणता येणार नाही. नगराच्या वाढीखाली प्राचीन स्थळे नष्ट होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दोष होता तो मापात. ब्रह्मपुरीच्या भूगर्भाविषयी शास्त्रशुद्ध ज्ञान सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच उपलब्ध झाले होते. परंतु १०० मीटरच्या सरसकट रेषेत त्या ज्ञानाचा विचार करण्यास वाव नव्हता. शिवाय त्या रेषेने एका प्राचीन वास्तूचे रक्षण करताना दुसऱ्या जुन्या वास्तूवरील ताण वाढविला. टेकडी संरक्षित, पूल मात्र असंरक्षित, हा भेद कायद्याचा होता. इतिहासाच्या दृष्टीने दोन्हीही कोल्हापूरच्या जीवनाचेच थर होत.

जुन्या पुलाचे जतन त्यावरील वाहतूक दुसरीकडे वळवूनही साधते, हे नागरिकांनी कायद्याच्या आधी ओळखले. संशोधकांचे कार्यही याच ठिकाणी सुरू होते. कोणत्या जागी काय पुरले आहे व त्यास कितपत धोका आहे, हे उत्खननाच्या आधारे निश्चितपणे सांगितले गेले, तर रक्षणाची मर्यादा केवळ अंतराने ठरविण्याचे कारण उरणार नाही.