हत्यारांचं जुनं कपाट ओळखताना

चिकलठाणा एमआयडीसीतलं एखादं जुनं वर्कशॉप बंद झालं की हत्यारांचं कपाट किलोवर भंगारात जातं. त्याआधी त्याचं वय बघा.

गोदरेजची कुलपं १८९७ पासूनची, पोलादी कपाटं १९२३ पासूनची. नाव पुसलं असेल तर सांधे बघा. रिव्हेट असतील तर कपाट बहुधा जुनं. वेल्डिंगचे गोल ठिपके असतील तर बहुधा नंतरचं. मूळ रंग ड्रॉवर पूर्ण काढल्यावर आत सापडतो.

आमच्या सासऱ्यांच्या कपाटात ड्रॉवरवर त्यांच्या हातचे पान्यांचे आकडे आहेत: वर इंचात, खाली मिलिमीटरमध्ये. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण इंची यंत्रं पुढेही चालत राहिली. म्हणून दोन्ही पाने लागायचे. कपाट ठेवा किंवा द्या, रंग मारण्याआधी अशा आकड्यांचा फोटो मात्र काढाच.