घुंगरांची डाक

टप्प्याटप्प्यानें धांवण्याची शर्यत ही परदेशी खेळांची देणगी होय, असा पुष्कळांचा समज असतो. मैदानावरील शर्यतीपुरतें तें खरें. परंतु एकानें आपला पल्ला संपवून हातांतील वस्तु ताज्या दमाच्या गड्याच्या स्वाधीन करावी, ही कल्पना या देशास फार जुनी आहे. ‘डाक’ या शब्दाचा अर्थच मुळीं ठिकठिकाणीं माणसें वा घोडे बदलून चालणारी वाहतूक असा आहे.

चौदाव्या शतकांत मुहंमद तुघलकाच्या दरबारीं आलेल्या इब्न बतूतानें ही पायडाक वर्णिली आहे. दर मैलांत तीन ठाणीं. ठाण्यावर कंबर कसून बसलेले धांवपटू. धांवणाऱ्याच्या एका हातांत पत्र आणि दुसऱ्या हातांत दोन हात लांबीची, शेंड्यास तांब्याच्या घंटा लावलेली काठी. घंटांचा नाद ऐकतांच पुढचा गडी उठून सज्ज होई. ही डाक घोड्यांच्या डाकेहूनही वेगवान होती, असें तो सांगतो. सुलतान दौलताबादेस असतां त्याच्या पिण्याचें गंगाजल चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणीत, अशीही त्यानें नोंद केली आहे. मराठी राज्यांतील जासूदजोडी निराळी. ती बहुधा तेंच पत्र घेऊन मुक्कामापर्यंत जाई. तिच्या चिकाटीस तोड नसेल, पण तिला डाक म्हणतां येणार नाहीं.

चांद्याच्या रानाकडे पाहिलें म्हणजे टप्प्यांचें महत्त्व उमगतें. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें व चांदा इंग्रजी अंमलाखालीं गेला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सर्व हिंदुस्थानासाठीं टपालाचीं तिकिटें निघालीं. पाव तोळ्यापर्यंतचें पत्र कितीही दूर जावो, हांशील अर्धा आणा. कायद्यानें अंतर असें पुसून टाकलें. पायांस मात्र तें तसेंच उरलें. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतर प्राणहिता दक्षिणेस वाहते आणि सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. तेथवर सागाचें व बांबूचें दाट अरण्य, आणि पावसाळ्यांत फुगणारे नाले. जेथें गाडी चालत नसे तेथें डाक माणसाच्या खांद्यावरूनच जाई. मोहोरबंद थैली, हातीं भाला आणि भाल्यास घुंगरें. पांच-सात मैलांवर समोरून आलेल्या गड्याशीं थैल्यांची अदलाबदल करून तो परत फिरे. कंपनी सरकारच्या काळीं रात्रीं वाघाच्या भयानें मशालची आणि डुगडुगीवाला सोबत देण्याचा प्रघात होता. घुंगरांचा उपयोग अशा वाटेवर दुहेरी: पुढच्यास हांक आणि श्वापदास धाक.

बातमी पोंचण्यावर काय अवलंबून असतें, तें या मुलुखानें १८५८ सालीं पाहिलें. त्या वर्षीं मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनीं गोंडांची फौज उभारून बंड पुकारलें. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या गार्टलंड व हॉल या दोघां गोऱ्यांचा तळ बंडवाल्यांनीं उधळला आणि दोघेही मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला व त्यानें हें वर्तमान डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यांस कळविलें. जी तार पायडाकेची जागा घेण्यास आली होती, तिच्याच माणसांच्या मृत्यूची खबर पळत सुटलेल्या माणसाकडून पोंचावी, हा योगायोग विलक्षण खरा. बाबूराव पुढें पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी गेले.

डाकेची शर्यत करण्याचें जपानला सुचलें. १९१७ च्या एप्रिलांत क्योतो ते तोक्यो हें सुमारें ५०० किलोमीटरांचें अंतर २३ टप्प्यांत विभागून दोन संघ अहोरात्र धांवले. काठीऐवजीं खांद्यावरचा कापडी पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे गेला. या प्रकारास त्यांनीं ‘एकिदेन’ म्हटलें. हें नांव जुन्या डाकठाण्यांच्या व्यवस्थेवरूनच घेतलेलें आहे. जपानच्या धांवपटूंचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं. सरकारी कागदांत घुंगुरवाल्यांचा उल्लेख बहुधा ‘रनर’ या एकाच शब्दांत आटोपतो. एकेकाचें नांव सांपडणें विरळा. ज्याच्या थैलींत सगळ्यांचीं नांवें-पत्ते असत, त्याचें स्वतःचें नांव लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाहीं.

१९३७ सालीं हिंदुस्थान सरकारनें डाकवाहनांच्या चित्रांचीं तिकिटें काढलीं. तींत विमान बारा आण्यांवर होतें, आगगाडी चार आण्यांवर आणि भालेवाला धांवपटू दोन आण्यांवर.