हॉवर्ड्स नॉबची पवनचक्की

जुन्या युरोपात वारा ही कित्येक ठिकाणी सरंजामदाराची मिळकत समजली जाई, आणि हॉलंडातील चक्कीवाल्याला त्या वाऱ्याबद्दल रीतसर खंड भरावा लागे. वाऱ्यावरचा हक्क असा जुन्या काळीच ठरलेला होता; चक्कीच्या आवाजाने घरात राहणे अवघड झाले, या फिर्यादीची कसून शास्त्रीय चौकशी मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली, आणि ती अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानातील बून या डोंगरी गावच्या रहिवाशांमुळे.

1973 च्या तेलटंचाईने हवालदिल झालेल्या अमेरिकन सरकारने वाऱ्यापासून वीज काढण्याचे संशोधन 'नासा'च्या हवाली केले. त्यातूनच जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेली, 2 मेगावॅट शक्तीची आणि 61 मीटर व्यासाच्या चक्राची 'मॉड-1' ही त्या काळची जगातील सर्वांत मोठी पवनचक्की बूनजवळच्या हॉवर्ड्स नॉब या शिखरावर उभी राहून जुलै 1979 मध्ये समारंभपूर्वक सुरू झाली. तिची वीज ग्राहकांच्याच सहकारी संस्थेच्या तारांतून जाणार होती, त्यामुळे गावाला तिचे कौतुकच होते.

परंतु चक्र फिरू लागताच पायथ्याच्या काही घरांतून तक्रारी येऊ लागल्या. खालच्या खर्जात ठोके पडतात, तावदाने थरथरतात, फळीवरच्या लहानसहान वस्तू खडखडतात, आणि विशेष म्हणजे अंगणापेक्षा हा त्रास बंद खोलीतच अधिक जाणवतो, असे त्यांचे म्हणणे होते. तीन किलोमीटरच्या परिसरात सुमारे हजार कुटुंबे नांदत असता तक्रारदार घरे जेमतेम डझनभर होती, आणि केवळ डोकी मोजून निकाल देणाऱ्या कोणत्याही कचेरीने हे अर्ज निकालात काढले असते.

तसे झाले नाही, ही या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट होय. सौर ऊर्जा संशोधन संस्थेचे नील केली व त्यांचे सहकारी आपली उपकरणे घेऊन थेट त्या घरांत गेले आणि तक्रारीचा शब्दन् शब्द खरा ठरला. या यंत्राची पाती मनोऱ्याच्या पुढे नसून वाऱ्याच्या पाठच्या बाजूस होती; मनोऱ्याच्या जाड नळ्यांना अडून विस्कटलेल्या हवेतून प्रत्येक पाते जाताना एक दणका उठे, आणि दोन पाती मिनिटाला 35 फेरे घेत असल्यामुळे निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीइतके, म्हणजे सत्तर ठोके दर मिनिटाला पडत. हवेचे थर आणि डोंगरांची ठेवण हा ध्वनी वळवून ठरावीक घरांवरच एकवटत, आणि त्या मंद स्पंदनांना खोल्यांच्या भिंती साथ देत. शेजारचे घर शांत का, याचा उलगडाही असा झाला.

चक्राची गती 23 फेऱ्यांवर आणल्याने आवाज उतरला. पुढे 1981 च्या जानेवारीत यंत्राच्या मुख्य जोडणीचे बोल्ट तुटून ते बंद पडले आणि 1983 मध्ये शिखरावरून उतरवले गेले. याच मालिकेतील पुढच्या 'मॉड-2' चक्क्यांची पाती वाऱ्याच्या सामोरी होती, आणि आजच्या मोठ्या पवनचक्क्याही बहुतेक सगळ्या तशाच असतात. त्यामुळे बूनचा तो दणका आता सहसा ऐकू येत नाही. पात्यांची तालबद्ध सपसप मात्र उरली आहे, आणि निजानीज झाल्यावर ती दूरवर पोचते.

साताऱ्याकडील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर अशा चक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. आपल्या 2000 सालच्या ध्वनिनियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण हे डेसिबल मनुष्याच्या कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेले असतात, आणि त्या मोजणीत खर्जातला ध्वनीच सर्वांत कमी धरला जातो. म्हणून एखाद्या वाडीतील एकट्या घराने जरी अर्ज केला, तरी दुपारी अंगणात यंत्र धरून पंचनामा उरकणे पुरेसे नाही. रात्री, दारे-खिडक्या लावून, तो माणूस निजतो त्याच खोलीत मोजणी झाली पाहिजे आणि खर्जाचा आकडा स्वतंत्र नोंदवला गेला पाहिजे.