अठ्ठेचाळीस वाट्यांचे रिव्हॉल्व्हर

अब्बांच्या इंतकालाला चाळीस दिवसही झाले नव्हते, तोच घरात रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला. ते त्या वेळी घरात नव्हतेच. अब्बा गेल्यावर आठवड्याभरात आम्ही ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम २१ तसे सांगते. परवानाधारक वारला की शस्त्र बाळगण्याचा घरच्यांचा अधिकार संपतो, ते जमा करावे लागते. मग वारसांपुढे दोन वाटा उरतात. कोणा एकाने आपल्या नावाने परवाना काढून ते सोडवून आणायचे, किंवा दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे. ठरलेल्या मुदतीत यातले काहीच झाले नाही, तर शस्त्र सरकारजमा होते. म्हणजे ठरवणे भाग होते.

वस्तू तशी देखणी. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, बत्तीस बोअरचे. वरची कळ दाबून नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. आमचे आजोबा, घरात त्यांना सगळे दादामियाँ म्हणत, साकोलीकडच्या एका लहान गावात दोन आण्यांचे मालगुजार होते. १९४६ साली कामठीच्या छावणीतून मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी ते विकत घेतले. पुढे ते अब्बांकडे आले. या साऱ्या वर्षांत त्याने कोणाचे रक्षण केले, असे विचाराल तर उत्तर देता येणार नाही. धानाच्या बांधीत रानडुकरांचा कळप शिरला तर रिव्हॉल्व्हर काय कामाचे? त्यासाठी गावात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका होत्या. नागझिऱ्याचे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीच्या गप्पा गप्पाच राहिल्या. अब्बा दरवर्षी मृग लागण्याआधी त्याला तेलपाणी करत, निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करत, निकाल लागला की परत आणत. परवान्याचे नूतनीकरण, भंडाऱ्याच्या खेपा, फी, तपासण्या. त्या रिव्हॉल्व्हरने आमची राखण केली नाही, आम्हीच त्याची राखण केली.

मग ते इतके प्रिय का होते? हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या भागातल्या मुसलमानांचे आणि शस्त्राचे नाते जुने. तुमसरजवळच्या आंबागडचा किल्ला १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने बांधला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा तो सरदार. तलवारीच्या चाकरीवर आलेली माणसे इथेच राहिली, वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकवू लागली. पुढे भोसल्यांचे राज्य आले, तेव्हाही अरब आणि पठाण शिपायांना नागपुरात मान होता. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. जून १८५७ मध्ये नागपुरातल्या घोडदळाच्या उठावाचा बेत फसला, तेव्हा दिलदार खान, इनायतुल्ला खान यांच्यासारख्यांना फाशी झाली. आणि देशभर शस्त्रे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले.

त्या सत्राला कायमचे रूप दिले ते लॉर्ड लिटनने, १८७८ च्या शस्त्र कायद्याने. त्याच वर्षी त्याने देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही केला. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने थोड्याच वर्षांत रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र इंग्रज गेले तरी चालूच राहिला, कारण त्याची जागा घेणारा कायदा व्हायला १९५९ साल उजाडले. या कायद्यात भारतीय माणसाला शस्त्रासाठी परवाना लागे. युरोपियनांना सूट होती. सरकारने पदव्या दिलेल्या आणि मर्जीतल्या काही भारतीयांनाही सवलत मिळे. त्यामुळे परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याची नुसती मुभा नव्हती. या माणसावर सरकारचा विश्वास आहे, असा तो दाखला होता. गावात ज्याच्या घरी परवाना, त्याच्या ओट्यावर तहसीलदार बसणार, हे ठरलेले.

हा अपमान लोकांना सलत नव्हता असे नाही. १९२७ मध्ये नागपुरात मंचरशा अवारी या पारशी तरुणाने शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. लोक त्यांना ‘जनरल अवारी’ म्हणत. स्वयंसेवक उघड्यावर तलवारी घेऊन मिरवत आणि अटक करवून घेत. हातात तलवार आणि तोंडी सत्याग्रह हे गांधीजींना पटले नाही, तसे त्यांनी लिहिलेही. पण त्यामागची सल त्यांनाही मान्य असावी. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याची मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसमधून आलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवलेला आहे.

मग स्वातंत्र्य आले. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचेच प्रतिनिधी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते हत्यार घेता येऊ लागले तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्यांच्या समाजाला गावकुसाबाहेर सर्वांत जास्त मार खावा लागला, त्या माणसाने शस्त्राचा नव्हे तर कायद्याच्या संरक्षणाचा हक्क मागितला. याचा अर्थ आम्हाला तरुणपणी कळला नव्हता. सप्टेंबर २००६ मध्ये याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यानंतर तो जास्त कळला. त्या घराला कायद्याचे संरक्षण वेळेवर मिळायला हवे होते. बंदुका कोणाच्या घरी असतात? ज्यांना त्यांची गरज सर्वांत कमी असते त्यांच्या.

तरी आमच्या घराने ते लोखंड जपले, आणि जपण्याचे कारण बदलत गेले. दादामियाँसाठी ती प्रतिष्ठा होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादची पोलीस कारवाई झाली, तेव्हा कोणी मागितले नसताना ते स्वतः ठाण्यात गेले आणि रिव्हॉल्व्हर काही महिन्यांसाठी जमा करून आले. कोणी संशय घेण्याआधी आपणच हात मोकळे दाखवावेत, हा त्यांचा हिशेब. ते सन्मानाने परत मिळाले, आणि ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत राहिले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. गावचा तलाव सरकारकडे गेला, त्याला आता ‘मामा तलाव’ म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. मालगुजाराच्या घरात मालगुजारीची खूण म्हणून एवढेच राहिले. अब्बांच्या काळात कारण पुन्हा बदलले. १९९२-९३ नंतर घरात कोणी ‘विकून टाका’ म्हटले, की अब्बा म्हणत, “असू दे. दिवस कसे येतील सांगता येत नाही.” आम्हीही तेव्हा मान डोलावली होती. पण त्या डिसेंबरच्या रात्री खरा धीर आला तो पेटीतल्या सहा काडतुसांमुळे नव्हे. समोरच्या कोहळी पाटलांनी आपली बाज आमच्या ओट्यावर टाकली आणि सकाळपर्यंत तिथेच झोपले, त्यामुळे.

आता आमची पिढी. थोरल्या भावाचे म्हणणे, ठेवावे. आपल्या घराण्याची निशाणी आहे, विकली की परत मिळायची नाही. ते खरेही होते. १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून विलायती रिव्हॉल्व्हरची किंमत चढतच गेली. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले देशी रिव्हॉल्व्हर मिळते, पण शौकिनांना बर्मिंगहॅमचा शिक्काच हवा. दुकानदाराने किंमत लाखांत सांगितली. धाकट्याचे म्हणणे, विकावे. कमरेला लावून लग्नात मिरवणाऱ्या एखाद्या ठेकेदाराला ते मिळेल, मिळू दे. नागपूरच्या अजब बंगल्याला देऊन टाकावे, अशीही एक सूचना आली. १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात जुनी हत्यारे आहेतच, त्यात आणखी एक. पण दान तेच द्यावे जे सर्वस्वी आपले असते, आणि इथेच गाडी अडली.

थोरल्याने परवान्यासाठी चौकशी केली. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे. मात्र बाकीच्या वारसांनी ‘आमची हरकत नाही’ असे लिहून द्यावे लागते. त्याने कागद तयार केले. अम्मीने सही केली, धाकट्याने कुरकुरत केली. दोन्ही बहिणींना फोन गेले. धाकटी बहीण लगेच हो म्हणाली. आपा मात्र गप्प राहिली. मग म्हणाली, “जमिनीच्या वेळी हक्कसोडपत्रावर सही केली. घराच्या वेळी केली. आता ह्या लोखंडासाठीही सहीच का?”

त्या रात्री कोणी फार बोलले नाही.

आपाचा सवाल भावनेचा वाटेल, पण तो हिशेबाचा होता. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. ज्या समाजाची बहुतेक मालमत्ता म्हणजे शेती, त्या समाजातल्या मुलींसाठी कायद्याने उघडलेला दरवाजा तिथेच बंद झाला. जिथे कायदा आड आला नाही तिथे रिवाज आला. बहिणीने माहेरची माया टिकवायची तर सही करायची. रिव्हॉल्व्हर काही शेतजमीन नव्हे. त्याला ना १९३७ ची ती सवलत, ना रिवाजाची सबब. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडल्यावर, वसीयत असेल तर ती एक तृतीयांशाच्या मर्यादेत पाळल्यावर, जे उरते तो तरका. अब्बांनी वसीयत केली नव्हती, कर्जही नव्हते. सूरह निसाने सांगितलेला हिशेब मौलवींना विचारायची गरजही नव्हती. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात भावाचे दोन भाग तर बहिणीचा एक. सरळ अपूर्णांकात मांडायचे तर एकूण वाटे अठ्ठेचाळीस. अम्मीचे सहा, भावांचे चौदा-चौदा, बहिणींचे सात-सात.

म्हणजे ज्या वस्तूला आम्ही ‘घराण्याची निशाणी’ म्हणत होतो, तिच्यातले वीस वाटे घरातल्या तीन बायकांचे होते. परवाना मात्र निघतो एकाच्या नावाने. १८७८ पासून तो ज्या एका माणसाच्या विश्वासाचा दाखला होता, तो माणूस आमच्या घरात नेहमी पुरुषच होता. इज्जत घराण्याची, आणि चावी एकाच्या खिशात. रिव्हॉल्व्हर ठेवायचे ठरवले असते तर थोरल्याने बाकीच्यांना चौतीस वाट्यांची रक्कम मोजून द्यायला हवी होती. तेवढी त्याची ऐपत नव्हती, आणि खरे सांगायचे तर तसे कोणाच्या मनातही आले नव्हते. ‘हरकत नाही’ एवढेच आमच्या मनात होते.

याच जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. दारूगोळ्याशी रोजचा संबंध असलेल्या जिल्ह्यातल्या माणसांनी पेटीत जपलेल्या एका रिव्हॉल्व्हरचे किती कौतुक करावे? आम्ही ते तीन पिढ्या केले. त्यात दादामियाँचा मान होता, अब्बांची धास्ती होती, आमची आठवण होती. ते सगळे खरे होते. पण त्या कशाचेही वाटे होत नाहीत, आणि वाटे ज्याचे होतात ते आम्ही आठवणीच्या नावाखाली झाकून ठेवले होते.

आम्ही विकायचे ठरवले. थोरल्याने आपले ना-हरकतीचे कागद स्वतःच फाडले. विक्रीच्या अर्जावर पाचही वारसांच्या सह्या झाल्या, आणि त्यांत आपाची सही पहिल्यांदाच काही सोडण्यासाठी नव्हती. शस्त्र दुकानातून परस्पर नव्या मालकाकडे गेले. अब्बांचा परवाना रद्द होण्यासाठी कचेरीत गेला. दादामियाँचा १९४६ चा जुना कागद तेवढा आम्ही ठेवला आहे. पातळ पडलेला, घड्यांवर फाटलेला. इतिहास म्हणायचा तर तो त्या कागदात आहे.

रक्कम आली त्या दिवशी अम्मीने स्वतः वाटे मोजून घेतले. आपाने आपले सात वाटे घेतले, पैसे पदरात बांधले आणि चहा प्यायली. जाताना दारात थांबून तिने विचारले, “आणि तलावाखालची बांधी?”

रिव्हॉल्व्हरचा हिशेब सोपा होता. सात-बाराचा अवघड आहे, आणि तो आता टाळता येणार नाही.