सरमेचं पिल्लू का रडत होतं?

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईंनी हळूच विषय काढला. दारातली कुत्री तीन रात्री रडतेय, घरात सासरे आजारी आहेत, आणि शेजारणी म्हणतात की कुत्र्याला यम दिसतो. पोरांनी दगड मारून तिला हुसकावलं होतं. बैठकीत निम्म्या जणींनी मान डोलावली. आमच्यातल्याही काहींनी डोलावली, खोटं कशाला बोला! दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर कुत्रीच्या मागच्या पायात कुंपणाची तार रुतलेली.

म्हणून आज कुत्र्याच्या रडण्याचाच इतिहास सांगायचं ठरवलं.

सुरुवात महाभारतापासून करू, कारण महाभारताची सुरुवातच जवळजवळ तिथून आहे. आदिपर्वात राजा जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रात यज्ञ करत बसलाय. तिथं एक कुत्र्याचं पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. इंद्राच्या हरवलेल्या गायींचा माग काढणारी म्हणून ऋग्वेदातही तिचं नाव येतं. ती विचारते, का रडतोस, कुणी मारलं? आणि मग आपण आया विचारतो तेच विचारते, तू काही आगळीक केली असशील? पिल्लू म्हणतं, मी हविष्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा सरमा थेट यज्ञमंडपात जाते आणि राजाला जाब विचारते. उत्तर कुणीच देत नाही. ती शाप देते: निरपराध्याला मारलंत, न दिसणारं भय तुमच्यावर येईल. राजा घाबरून शांतीसाठी पुरोहित शोधत फिरतो.

एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच पिल्लाचं रडणं आहे, आणि शेवटी स्वर्गाच्या वाटेवर धर्मराजासोबत कुत्रंच उरतं. मधल्या काळात आपण फक्त अपशकुन तेवढा लक्षात ठेवला.

आता पोथीतून जमिनीत उतरू. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली खाणकामगारांना एक जुनी कबर सापडली. वय सुमारे १४ हजार वर्षं. आत एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रं. पुढे शास्त्रज्ञांनी कुत्र्याचे दात तपासले, तेव्हा कळलं की ते जेमतेम सात महिन्यांचं होतं आणि लहानपणी डिस्टेंपरनं बरेच आठवडे आजारी होतं. या आजारात पिल्लू स्वतःहून तगत नाही. म्हणजे त्याला कुणीतरी पाणी पाजलं, उबेला ठेवलं, साफ केलं. शेती माहीत नव्हती, मडकं माहीत नव्हतं, पण पिल्लाचं कण्हणं कुणाला तरी कळत होतं. आपल्याकडे काश्मीरमध्ये बुर्झाहोमलाही माणसांसोबत पुरलेली कुत्री मिळाली आहेत.

हे कुईकुई करणं मुळात पिल्लाचं आईसाठी असतं: भूक लागली, थंडी वाजते, तू कुठं गेलीस. कुत्रं मोठं झालं तरी ते सोडत नाही, फक्त आईच्या जागी आपण येतो. असं का, याचा धागा रशियात सापडला. १९५९ पासून नोव्होसिबिर्स्क इथं बेल्यायेव आणि त्यांच्या सहकारी ल्युडमिला ट्रूट यांनी कोल्ह्यांच्या प्रत्येक पिढीतून फक्त माणसाला न घाबरणारे निवडून वाढवले. थोड्याच पिढ्यांत ते शेपटी हलवू लागले, हात चाटू लागले आणि माणूस दिसला की कुंईकुंई करू लागले. बेल्यायेव १९८५ साली गेले, पण ट्रूटबाईंनी काम चालू ठेवलं.

हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ साली लोकांना कुत्र्यांचे आवाज ऐकवले. प्रसंग न सांगताही हा एकटा पडलाय, हा परक्यावर धावतोय, हे बऱ्याच जणांनी ओळखलं. आपल्या धनगर आयाबायांना हे सांगितलं तर त्या हसतील. मेंढवाड्यावर रात्री झोपेतच त्यांना कळतं की कुत्रं वाटसरूवर भुंकतंय की लांडग्यावर.

घरच्या कुत्र्याचं रडणं थांबवायचं तर आधी दगड नको. पाणी आहे का, साखळी उन्हात आहे का, कानात गोचीड, पायात काटा आहे का, हे पाहायचं. मात्र दुखणाऱ्या जागी एकदम हात घालू नका, वेदनेत कुत्रं मालकिणीलाही चावतं. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते. नवं पिल्लू रात्रभर रडत असेल तर त्याच्या आईच्या अंगाखालचं फडकं सोबत आणा आणि पहिले काही दिवस ते माणसांजवळ झोपवा. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडूच नका. आणि सगळं ठीक असूनही भाकरीसाठी रडत असेल, तर ते गप्प झाल्यावरच तुकडा टाका. रडताना दिला की ते तेच शिकतं.

एक आवाज मात्र वेगळा. ओळखीच्या कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा झाला, लाळ गळू लागली, घशात हाड अडकल्यासारखं ते करू लागलं, तर तोंडात हात घालून पाहू नका. पिसाळल्यावर घशाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून तो आवाज. १८८५ साली पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली, त्याआधी यावर माणसाकडे उपाय नव्हता. पोटातल्या चौदा सुयांची भीती आपल्या आज्यांनी मनात घातली, त्या सुया केव्हाच बंद झाल्या. आता दंडात देतात. चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. लक्षणं दिसल्यावर गेलेला माणूस सहसा वाचत नाही.

त्या ताईंच्या कुत्रीची तार डॉक्टरांनी काढली, लसही टोचली. ती थोडी लंगडते. सासरेबुवा सकाळी ओट्यावर चहा घेतात, तेव्हा ती आधीच समोर उभी राहून कुंईकुंई करते, आणि ते तिला टोस्ट देतात. रडत असतानाच देतात. हे कसं थांबवायचं, असं त्यांनी आम्हाला विचारलेलं नाही.